घोयरा, झाडबेडूक आणि सेलूकर सर

सेलूकर सर वारले तेव्हा त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या. त्यांचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते. कुणी डॉक्टर, कुणी मास्तर, कुणी बिडकीनच्या कारखान्यात साहेब. अंगणात उभे राहून सगळे एकच सांगत होते, की बाकी सगळं विसरलो पण सरांचा तो तास नाही विसरलो. घोयरा आणि झाडबेडकाचा तास.

आता ते सगळे मिळून सरांच्या आठवणींचं पुस्तक काढतायत. त्यातल्या एकानं मला फोन केला. म्हणाला, मावशी, तुम्ही सत्तावीस वर्षं सरांच्या खात्यात होता, तुम्हीही काहीतरी द्या. मी म्हटलं, बरं-वाईट दोन्ही देईन. तो हसला आणि म्हणाला, सरांचं वाईट काय असणार. म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेय. लिहिता येतं तेवढं लिहिते.

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं खातं सगळ्यात मागं होतं. पुढं कडुनिंबाची रांग आणि एक पाण्याचा हौद. मी तिथं शिपाई. झाडायचं, पुसायचं, बरण्या धुवायच्या, बरण्यांतलं औषधाचं पाणी बदलायचं. लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात न्हाणीघराच्या भिंतीला एक बेडूक चिकटलेला दिसला. फरशीवर नाही, माझ्या डोक्याच्या उंचीवर, सरळ भिंतीला. मी खराटा उचलला. मागून आवाज आला, "थांबा. मारायच्या आधी काय मारताय ते बघून तरी घ्या."

ते सेलूकर सर. बुटके, सडपातळ, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. त्यांनी आधी नळाखाली हात ओला केला आणि मग बेडूक उचलला. म्हणाले, कोरड्या हातानं याला कधी धरायचं नाही, याची कातडी म्हणजे याचं नाक आहे, तिच्यातून हा श्वास घेतो. मग त्याचं एकेक बोट मला दाखवलं. प्रत्येक बोटाच्या टोकाला टिकलीसारखी गोल गादी. त्या गादीवर तो भिंतीला धरून राहतो. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी बेडूक परत भिंतीवर ठेवला आणि म्हणाले, आता मारायचा असेल तर मारा. आणि निघून गेले.

मी मारला नाही. पुढं सत्तावीस वर्षांत एकही मारला नाही.

हे मी मुद्दाम आधी लिहिलं. सर माणूस म्हणून गोड होते, यात खोटं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही "अहो" म्हणायचे. मला त्या कॉलेजात "बसा" म्हणणारे ते पहिले. बाकीच्यांना मी "ए बाई" होते, सरांना मी इंदूबाई. त्यांचा आवाज कधी चढला नाही. खडूला कागद गुंडाळून धरायचे म्हणून हात कधी पांढरे झाले नाहीत. रुमालाची घडी दिवसभर मोडायची नाही. चहा घेतला की कप जिथून उचलला तिथंच ठेवायचे, टेबलावरच्या ओल्या गोलावर बरोबर. त्यांना वस्तू जागच्या जागी लागायची आणि गोष्ट नोंदलेली लागायची.

नोंदवही हा त्यांचा जीव होता. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. खात्यात कुठलाही जिवंत प्राणी आला की तिच्यात चढायचा. तारीख, प्राणी, कुठं सापडला, कोणी आणला, कसा होता, सोडला की मेला. रकाने सरांनी स्वतः पट्टीनं आखलेले. नोंद सर करायचे आणि ज्यानं आणला त्यानं पुढं सही करायची. एकदा मी हौदावरून एक झाडबेडूक आणला तर मलाही सही करायला लावली. "कोणी आणला" या रकान्यात माझं नाव बघून मला किती दिवस बरं वाटत होतं. सर म्हणायचे, शास्त्रात आठवण चालत नाही, नोंद चालते. आपल्या वहीत खोटं अक्षर असायचं नाही.

आणि नव्हतंच. ते पुढं सांगते.

किसन आला तो मी लागल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. खुलताबादच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. घरी थोडी जमीन, त्यात भागत नव्हतं म्हणून कॉलेजात हंगामी परिचर म्हणून लागला. हंगामी म्हणजे दर वर्षी नवा कागद. खात्यातले जिवंत प्राणी सांभाळणं हे त्याचं काम. सातवी नापास, पण जनावराची नजर त्याला कळायची. सर त्याला म्हणायचे, किसन, तू शिकला असतास तर माझी खुर्ची घेतली असतीस. किसन म्हणायचा, "नगं सर, खुर्चीवर बसून सरडा घावत नाय."

घोयरा किसनच आणायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घोयरा म्हणजे कुंपणावर मान हलवणारा साधा सरडा नव्हे. हा झाडावर राहतो, वीतभर किंवा जास्त, अंगानं चपटा, शेपटीची गुंडाळी करतो, आणि पानासारखा डुलत डुलत एकेक पाऊल टाकतो. गावाकडं लोक भितात, विषारी म्हणून दगडानं मारतात. विष-बिष काही नसतं. किसन त्याला हातानं कधी ओढायचा नाही. फांदीला त्याची पकड चिमट्यासारखी असते, ओढला तर बोटं मोडतात. किसन त्याच्या नाकासमोर एक काठी आडवी धरायचा आणि उभा राहायचा. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. घोयरा स्वतः होऊन काठीवर यायचा.

ही काठीची युक्ती सर तासाला सांगायचे. "माझ्या अनेक वर्षांच्या निरीक्षणातून" असं म्हणून सांगायचे. किसन दाराशी उभा राहून ऐकायचा आणि माझ्याकडं बघून डोळा मारायचा. तेव्हा आम्हाला त्यात हसण्यासारखंच वाटायचं.

तर तो तास. दर वर्षी पाऊस सरत आला की असायचा. दुसऱ्या कॉलेजांतली पोरंही येऊन मागं उभी राहायची. टेबलावर दोन काचपेट्या. एकीत घोयरा, एकीत झाडबेडूक. सर आधी काहीच बोलायचे नाहीत, पोरांना पाच मिनिटं नुसतं बघायला लावायचे. मग विचारायचे, दोघांत सारखं काय?

पोरं सांगायची. दोघं झाडावर राहतात. दोघं किडे खातात. दोघांची जीभ झपकन बाहेर येते. दोघं रंग बदलतात. सर सगळं फळ्यावर लिहायचे आणि मग एकेक ओळ घेऊन फोड करायचे. झाडावर राहतात, पण घोयरा फांदीला आवळून धरतो आणि बेडूक तिला चिकटतो. घोयऱ्याची कातडी कोरडी, खवल्यांची, उन्हात तापायला बसतो. बेडकाची ओली, उन्हात ठेवला तर मरतो. घोयरा दोन डोळ्यांनी दोन दिशांना बघतो आणि कुठंही जायची घाई करत नाही. बेडूक दिवसभर पाय पोटाखाली घेऊन भिंतीवर निजतो आणि धोका दिसला की एकच उडी. घोयऱ्याची मादी जन्मभर झाडावर राहते, फक्त अंडी घालायला जमिनीवर उतरते, भोक खणते, बुजवते आणि परत वर जाते. बेडकी जमिनीवर येतच नाही. पाण्याच्या वर फांदीला नाहीतर हौदाच्या भिंतीला फेसाचं घरटं करते, त्यात अंडी. पिल्लं तयार झाली की फेसातून खाली पाण्यात टपटप पडतात. आमच्या हौदावर असलं घरटं लागलं की सर मला त्या बाजूनं पाणी भरू द्यायचे नाहीत.

शेवटी रंगाची गोष्ट. सर खिशातून लाल कापड काढायचे आणि विचारायचे, घोयऱ्याला यावर ठेवला तर काय होईल? सगळी पोरं ओरडायची, लाल. सर किसनला खूण करायचे. किसन काठीवरून घोयरा कापडावर उतरवायचा. घोयरा लाल व्हायचा नाही. अंग फुगवायचा, तोंड वासून फुस्स करायचा आणि काळपट पडायचा, वर पिवळे ठिपके उठायचे. सर म्हणायचे, बघा, कापडाशी याला काही देणंघेणं नाही. याला राग आलाय. आता इकडं बघा. दुसऱ्या पेटीत झाडबेडूक सकाळपासून पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवलेला असायचा. सकाळी तपकिरी होता, आता फरशीसारखा फिकट झालेला. मागच्या बाकावरच्या पोराला तो दिसायचाही नाही.

मग सर खडू खाली ठेवायचे आणि त्यांचं ते वाक्य म्हणायचे. "लोक उगाच सरड्याला नावं ठेवतात. रंग बदलून लपतो तो बेडूक. घोयरा रंग बदलून सापडतो." पोरं टाळ्या वाजवायची. मी दर वर्षी दाराशी उभी राहून ऐकलं आणि मला दर वर्षी ते आवडलं.

आता सरांचं दुसरं अंग. एका पावसाळ्यात प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं. पाणी सूक्ष्मदर्शकाच्या कपाटावर पडत होतं. सर म्हणाले, चला प्राचार्यांकडं, आज सोक्षमोक्षच लावू. ते पुढं, त्यांच्या मागं दोन तरुण मास्तर, मग किसन आणि मी. किसननं पुरावा म्हणून गळक्या पाण्याची बादलीच उचलून घेतली होती. प्राचार्यांनी मान वर केली आणि विचारलं, काय सेलूकर, सगळं ठीक ना? सर म्हणाले, हो सर, तसं ठीकच आहे. आणि हसले. आम्ही सगळे वळून परत आलो. किसनच्या हातात बादली तशीच. परत आल्यावर सरांनी ती बादली स्वतःच्या हातानं बरोबर धारेखाली ठेवली, थोडी डावीकडं सरकवली, एक थेंब बाहेर पडणार नाही अशी. त्यांच्या चेहऱ्यावर काही बिनसल्याचं दिसत नव्हतं. जणू त्यांचं काम झालं होतं.

प्राचार्य बदलले की सर बदलायचे. एकाला गांधींची आवड तर सरांच्या टेबलावर चरख्याचं चित्र. दुसऱ्याला योगाची, तर सर पहाटे मैदानावर. शहराचं नाव बदललं तेव्हा तर गंमतच झाली. संस्थेच्या माणसांपुढं सर नवं नाव घ्यायचे, जुन्या कारकुनांपुढं जुनं, आणि दोन्हीकडची माणसं एकत्र असली की "आपलं शहर" म्हणायचे. कँटीनवाले सलीमचाचा चहा ओतता ओतता म्हणायचे, "सेलूकर साब कू पूछके आव, शहर का नाम आज क्या है." सर ऐकूनही हसायचे. त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही. मला तेव्हा वाटायचं, एवढं पुरेसं असतं.

मग ते वर्ष आलं. येत्या जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. मीही त्याच उन्हाळ्यात सुटणार होते. आणि किसनची कायम करण्याची फाईल, सोळा वर्षांनी, वर गेली होती. नुसती सही बाकी आहे असं कार्यालयातले सांगत होते. किसननं वस्तीवर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, पण बायकोला सांगून बसला होता.

घोयरा पकडून ठेवणं कायद्यानं बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली होती. सरांना ते चांगलं माहीत होतं, तेच पोरांना कायदा शिकवायचे. पण तास बंद करायला त्यांचा जीव धजत नव्हता. चार दिवस आणायचा, तास झाला की जिथला तिथं सोडायचा, त्यात काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळा पुसत असताना ते किसनला म्हणाले, "किसन, यंदा घोयरा जरा मोठा बघ. मागच्या बाकावरून दिसत नाही." मी तीन हातांच्या अंतरावर फडकं पिळत होते. मी ऐकलं.

किसननं मोठा आणला. वहीत चढला. कोणी आणला, किसन. सही, किसनची.

त्या वर्षी तासाला एका पोरानं मोबाईलवर सगळं टिपलं आणि लोकांत पसरवलं. कुठल्यातरी शहरातल्या प्राणिप्रेमी माणसानं ते बघून तक्रार केली. चौथ्या दिवशी वनखात्याचा एक अधिकारी आला, बरोबर दोन गार्ड. अधिकारी तरुण होता, बोलायला सरळ. घोयरा सोडायचा राहिलाच होता, काचपेटीत काळा पडून बसला होता. अधिकाऱ्यानं वही मागितली. सरांनी पान उघडून दिलं. त्यानं वाचलं, किसनकडं बघितलं आणि सरांना म्हणाला, हे बघा, शिकवण्यासाठी आणला हे दिसतंच आहे, इजा काही केलेली नाही. ज्यांनी मागवला त्यांनी तसं एका ओळीत लिहून द्या, मी समज देऊन मिटवतो. नाहीतर वहीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर मला गुन्ह्याचा कागद करावा लागेल.

सर म्हणाले, प्राचार्यांशी बोलून कळवतो.

गार्ड पेटीत हात घालायला लागला तर किसननं त्याला थांबवलं. काठी आणली, आडवी धरली आणि उभा राहिला. वनखात्याची तीन माणसं गप्प उभी राहून बघत होती. घोयरा काठीवर आला, किसननं तो त्यांच्या पेटीत सोडला. अधिकारी म्हणाला, तुम्ही आमच्याकडं पाहिजे होता.

दोन दिवस गेले. सरांनी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी किसन प्रयोगशाळेत आला. मी बरण्या धूत होते. सर चष्मा पुसत होते.

किसन म्हणाला, "सर, ते साहेब म्हणले व्हते, एक ओळ पुरं."

"हं."

"तुम्ही मागवला एवढंच. त्यात खोटं काय नाय."

"किसन, वहीत काय नोंद आहे?"

"वहीत माझं नाव हाय. आणला मीच, मी कुठं नाय म्हणतो. पण सांगितलं कुणी?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्याचा रकाना नाही," ते म्हणाले.

"रकाना नाय, पण तोंड हाय ना सर."

बरणीत पाणी भरून वाहत होतं, तरी मी नळ बंद केला नाही. सर त्याच हळू आवाजात म्हणाले, मी जूनमध्ये सुटतोय रे, आता माझ्यावर चौकशी लागली तर सगळं अडकून पडेल. तुझं अजून वय आहे. किसन म्हणाला, "सोळा वर्सांनी फाईल वर गेलीय सर." सर म्हणाले, मी बोलतो प्राचार्यांशी. आणि रुमालाची घडी नीट करून खिशात ठेवली.

मला वाटलं होतं, किसन काहीतरी फेकेल. टेबलावर दोन काचपेट्या होत्या, एक रिकामी. त्यानं रिकामी पेटी उचलली, धुतली, पुसली आणि फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. "बसा इंदूबाई." समोर कोरा कागद आणि त्यांचं निळं पेन. प्राचार्यांना खात्यातल्या माणसांचे जबाब पाहिजेत म्हणाले. तुम्हाला लिहायचं अवघड जाईल, मी सांगतो तसं लिहा. मी लिहीत गेले. मी अमुक अमुक, शिपाई. सदर प्राणी किसन याने आणला. तो कोणाच्या सांगण्यावरून आणला हे मला माहीत नाही.

तिथं माझा हात थांबला. मी सरांकडं बघितलं. सर कागदाकडं बघत होते. चेहरा रोजचाच. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाचा चेहरा लाल झालेला बघितला नव्हता, तेव्हाही झाला नाही. ते म्हणाले, "इंदूबाई, तुमच्या निवृत्तीचे कागद मीच पुढं पाठवायचे आहेत ना?" धमकी नव्हती त्यात. खरंच विचारल्यासारखं विचारलं.

मी सही केली. मला पेन्शन पाहिजे होती. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

सरांनी स्वतः काय लिहून दिलं ते मला नंतर कार्यालयातल्या बाईनं सांगितलं. एकच ओळ. नोंदवहीतील नोंद बरोबर आहे. त्यात खोटं अक्षर एकही नव्हतं. खोटं जेवढं होतं तेवढं माझ्या अक्षरात होतं.

वनखात्यानं किसनला दंड करून सोडलं. कॉलेजनं मात्र नाही सोडलं. त्याचा त्या वर्षीचा कागद मधेच बंद केला आणि फाईल खाली आली. शेवटच्या दिवशी तो मला भेटायला हौदापाशी आला. विचारलं, "आक्का, तुम्हाला इचारलं का कुणी?" मी म्हटलं, मला कोण विचारतंय. तो म्हणाला, तेबी खरंच, आपल्याला कोण इचारतंय.

जूनमध्ये सरांचा निरोप समारंभ झाला. हॉल भरलेला. सरांनी तो तास पुन्हा एकदा घेतला, या वेळी पडद्यावर चित्रं दाखवून. वाक्यही म्हणाले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी चहाचा ट्रे घेऊन भिंतीकडेला उभी होते. शेवटी सरांनी आभार मानले, प्राचार्यांचे, संस्थेचे, विद्यार्थ्यांचे आणि "ज्ञात-अज्ञात सहकाऱ्यांचे". किसनचं नाव त्या अज्ञातात गेलं. समारंभ संपल्यावर सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, इंदूबाई, तुमचे कागद झालेत. झालेच होते. एक त्रुटी नव्हती त्यात.

त्यानंतर सरांना मी एकदाच बघितलं.

किसन आता खुलताबादच्या रस्त्याला पेरू विकतो. थोडे स्वतःचे, थोडे शेजारच्यांचे. मी थंडीत कधी शनिवारी भद्रा मारुतीला जायचे, येताना त्याच्या गाड्यापाशी उतरायचे. तो मला स्टूल द्यायचा. आम्ही फार बोलायचो नाही. कॉलेजचं तर तो कधीच काढायचा नाही. एकदाच म्हणाला होता, तो माणूस पुढं आला तर मी थुंकीन.

त्या शनिवारी एक गाडी येऊन थांबली. मुलगा चालवत होता, मागं सर आणि त्यांचा नातू. सरांचे केस सगळे पांढरे झाले होते. सदरा इस्त्रीचा, खिशाला पेनं दोनच. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "अरे किसन. बरं चाललंय ना?"

किसन थुंकला नाही. "बरंय सर," म्हणाला, आणि पेरू निवडायला लागला. चांगले चांगले वेचून पिशवीत टाकत होता. सवयच ती.

सर नातवाला सांगायला लागले, की हा आमच्या खात्यात होता बरं का, याच्या हातात जादू होती, कुठलाही प्राणी याच्याकडं आपण होऊन यायचा. मग म्हणाले, "पुढं स्वतःहून सोडून इकडं शेतीकडं आला."

किसननं मान वर केली नाही. मी स्टुलावरून उठले. मला माझाच आवाज आला. "सोडलं नाही सर त्यानं. त्याला काढला."

सरांनी माझ्याकडं बघितलं. ओळखायला थोडा वेळ लागला. मग पोरानं उत्तर चुकवलं की बोलायचे तसं, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "इंदूबाई, जबाब तुमचा आहे. सही तुमची आहे. माझ्या कागदावर किसनबद्दल एक शब्द वाईट नाही."

मुलानं पिशवी घेतली. सर म्हणाले, छान आहेत हो पेरू. गाडी निघाली. मागच्या काचेतून दिसत होतं, सरांनी एक पेरू उचलून नातवासमोर धरला होता आणि बोट फिरवून त्याला काहीतरी समजावून सांगत होते. नातू मन लावून ऐकत होता. वळणापर्यंत ते तसेच दिसत राहिले. सर मला दिसले ते शेवटचे.

किसन पेरू पुसत होता. एक पुसला, ठेवला, दुसरा घेतला. मग म्हणाला, "कसला जबाब, आक्का?"

मी सांगितलं. काय लिहिलं, कुणी सांगितलं, कशापायी लिहिलं. सगळं सांगितलं, त्यात मऊ काही घातलं नाही. त्यानं ऐकून घेतलं. माझ्यासाठी भरलेली पिशवी त्यानं माझ्या हातात दिली आणि स्टूल उचलून गाड्याखाली सरकवलं.

"गाडी आली तुमची," तो म्हणाला.

मी वळून बघितलं. रस्ता दोन्हीकडं रिकामा होता. मी चालायला लागले.